तुमचं चालू आहे, बंद करू का?

बाईंनी मला पहिल्यांदा गाठलं ते न्हाव्याच्या खुर्चीत. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो आणि लॅबमधल्या या बाईंशी अजून नुसती तोंडओळख होती. अर्ध्या गालाला फेस, गळ्याभोवती पांढरं फडकं, अशा अवस्थेत मी बसलेलो. आरशात माझ्या डोक्यामागं एक लाल हेल्मेट उगवलं. आतून आवाज आला,

"मुरुडकर, तुमचं ते चालूच हाय. बंद करू का?"

न्हावी वस्तरा हवेत धरून थांबला. मला आधी गाडीचा दिवा आठवला, मग खोलीवरचा गॅस.

"काय चालू आहे, बाई?"

"कार्डावर हो. तुमचा प्रोग्राम दुपारीच आटपला. पण त्याचं एक पिल्लू आत बसून राहिलंय, जागा अडवून. बंद करू?"

"करा की!"

"करते. तुमचं सावकाश होऊ द्या," असं म्हणून हेल्मेट आरशातून नाहीसं झालं. बाहेर स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

न्हाव्यानं दुसऱ्या गालाला हात घातला आणि हळूच विचारलं, "सायेब, घरी काय पाळलंय?"

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या विभागात एक मोठा सर्व्हर होता आणि त्यात दोन ग्राफिक्स कार्डं. ही कार्डं मुळात कॉम्प्युटरवरच्या खेळांतली चित्रं रंगवायला निघाली, पण आता सगळी जड आकडेमोड त्यांच्यावरच टाकतात. मी त्यांच्याकडून सोयाबीनच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखायचं काम करून घेत होतो. यात प्रोग्राम असतो बाहेर, मुख्य प्रोसेसरवर, आणि तो कार्डाला कामं सांगतो. प्रोग्राम संपला की कार्डानंही हात झटकून मोकळं व्हायचं, हा नियम. बहुतेक वेळा तसं होतंही. पण कधी कधी मालक उठून जातो आणि त्यानं आत लावलेला एखादा गडी तिथंच राहतो. ना काम करतो, ना जागा सोडतो. मग पुढच्या माणसाला कार्ड मिळत नाही.

असा गडी उठवायला एक ओळ टाईप करावी लागते. बाई लॅबच्या प्रमुख होत्या, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडं होत्या. खुर्चीवरून न हलता त्यांना ते करता आलं असतं. पण सबंध नोकरीत बाईंनी कुणाचंही काम त्याला विचारल्याशिवाय बंद केलं नाही, आणि विचारायचं ते समोर जाऊन. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. "फोनवर माणूस हाव हाव म्हणतो आन् ऐकत न्हाई," म्हणायच्या. मग लाल हेल्मेट चढवून त्या निघत. पोरं मेसमध्ये जेवत असोत, क्रिकेट खेळत असोत की गोदावरीच्या घाटावर कुणाबरोबर तरी बसलेली असोत, बाई तिथं उगवत. "तुमचं चालू हाय. बंद करू का?"

बाई उदगीरच्या. घरी आडतीचा धंदा, वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दुकान. बोलण्यात उदगीरची सगळी खिचडी होती: मराठी, त्यात उर्दूची फोडणी, आणि चिडल्या की थेट कानडी. वर्गात गोंधळ झाला की टेबलावर डस्टर आपटून "साकु!" म्हणायच्या. म्हणजे पुरे. कानडीचा गंध नसलेल्या पोरांनाही त्याचा अर्थ पहिल्या आठवड्यात कळायचा. आम्हा मास्तर लोकांच्या मीटिंगमध्येही त्या तो शब्द वापरत. प्राचार्यांचं भाषण लांबलं की शेवटच्या रांगेतून बारीक आवाजात "साकु" यायचं आणि सगळे आपापल्या बुटांकडं बघायला लागायचे.

त्यांना मॅडम म्हणलेलं चालत नसे. "मॅडम म्हणलं की मला वाटतं माझ्या मागं दुसरंच कुणी उभं हाय." म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना त्या बाईच. उलट त्यांच्या लेखी नावं कुणालाच नव्हती, फक्त गावं होती. मी मुरुडकर. पोरांना तर त्या नुसत्या गावानंच हाक मारत. "ए मुखेड, मागं काय बोलून राहिलास? आन् देगलूर, तू त्याला नको हसवू." एका वर्गात कंधारची तिघं होती. त्यांना त्या थोरलं कंधार, मधलं कंधार आणि चष्म्याचं कंधार म्हणत. मी एकदा म्हणालो, "बाई, हजेरीवर नावं असतात." तर म्हणाल्या, "नावावरून काय कळतंय? गाव कळलं की पोरगं कुठल्या गाडीनं येतंय, पाऊस पडल्यावर येईल का न्हाई, सगळं कळतंय."

लॅबमध्ये जाताना चपला बाहेर. आत बाईंच्या स्वतःच्या निळ्या स्लिपर होत्या, त्या दुसऱ्या कुणी घातलेल्या चालत नसत. चाकांच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. "पळणाऱ्या खुर्चीवर बसून डोकं जाग्यावर राहतं का?" लॅबच्या एसीशी त्यांचं उभं वैर होतं, पण मशीनसाठी तो लागतो म्हणून जूनमध्येही शाल पांघरून बसायच्या आणि अधूनमधून एसीकडं बघून त्याच्या खानदानाविषयी दोन शब्द बोलायच्या.

शिकवायच्या मात्र अशा की विसरणं शक्य नाही. कार्डावर प्रोग्राम लिहिणारं प्रत्येक नवं पोर एक चूक हमखास करतं. कार्डाला काम सांगतं आणि पुढच्याच ओळीला प्रोग्राम संपवून टाकतं. कार्डानं काम हातात घेतलेलंही नसतं, तोवर सांगणारा गायब. मग पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि पोरं म्हणतात कार्ड बिघडलंय. बाईंनी हे फळ्यावर कधीच समजावलं नाही. त्या कँटीनवाल्याला बोलावून सगळ्या वर्गाच्या देखत चहा सांगायच्या. तो गेला की म्हणायच्या, "चला, उठा," आणि सगळा वर्ग घेऊन दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर जायच्या. खिडकीतून दिसायचं, कँटीनवाला किटली आणि कपांची चळत घेऊन रिकाम्या वर्गात शिरतोय, बाहेर येतोय, इकडंतिकडं बघतोय, कपाळाला हात लावतोय.

"चहा झाला का न्हाई?" बाई विचारायच्या.

"झाला, बाई."

"तुम्हाला मिळाला का?"

"न्हाई, बाई."

"कुणाची चूक? चहावाल्याची?"

पोरं 'न्हाई' म्हणून माना हलवायची.

"काम सांगितलं म्हणजे काम झालं न्हाई. थांबा म्हणायची एक ओळ असती. ती लिव्हा. आन् आता चला खाली, गार तर गार, पण प्यायचा. त्यानं केलाय."

कँटीनवाल्याला हे दर वर्षीचं माहीत झालं होतं, तरी तो दर वर्षी तितक्याच मनापासून कपाळाला हात लावायचा. पुढं पुढं तर त्याला त्यात गंमत वाटायला लागली होती. एका वर्षी त्यानं रिकाम्या वर्गात बसून दोन कप स्वतःच प्यायले. बाई म्हणाल्या, "बघा, हे असं बी होतंय."

देगलूरच्या साखरपुड्याची गोष्ट तर आमच्या विभागात अजून सांगतात. शेवटच्या वर्षातल्या देगलूरनं शुक्रवारी काम लावलं आणि शनिवारी गावी जाऊन साखरपुड्याला बसला. इकडं त्याचा प्रोग्राम कोसळला, पण आत दोन गडी बसलेलेच. सोमवारी दुसऱ्या कुणाची परीक्षा होती, कार्ड पाहिजे होतं. बाईंनी सकाळची गाडी धरली. मांडवात पोचल्या तेव्हा मुलगा पाटावर बसलेला, शेजारी मुलगी, समोर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. बाई सरळ पुढं गेल्या, वाकल्या आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाल्या,

"देगलूर, तुझं तिकडं अजून चालू हाय. दोन हायत. बंद करू का?"

मुलीच्या मामानं ते ऐकलं.

पुढचा अर्धा तास मांडवात जे झालं ते बाई कधी नीट सांगत नसत. मामा म्हणे उभा राहून विचारत होता, "दोन? दोन कोण? कुठं चालू हाय?" शेवटी बाईंनीच सगळ्यांना खाली बसवलं आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, प्रोग्राम म्हणजे काय, हे दोन्हीकडच्या पाहुण्यांना समजावून सांगितलं. मुलीच्या आजीला ते सगळ्यात आधी पटलं. लग्न झालं. लग्नपत्रिका बाईंना हातात द्यायला मामा स्वतः नांदेडला आला होता.

आता माहूरची गोष्ट.

कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, आणि आमच्या लॅबमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा लावला. दोन्ही कार्डं किती टक्के कामात आहेत ते त्यावर मोठ्या आकड्यांत दिसायचं. पहिल्या कार्डाचा आकडा वरखाली व्हायचा, कारण त्याच्यावर दुसऱ्या विभागातल्या एका सरांचं लांबलचक काम चाललं होतं. दुसऱ्या कार्डाचा आकडा मात्र शंभर. सकाळी शंभर, दुपारी शंभर, दुसऱ्या दिवशीही शंभर. प्राचार्य येता-जाता त्याच्याकडं कौतुकानं बघत. माझी मात्र चडफड होत होती, कारण माझ्या सोयाबीनच्या पानांना ते कार्ड पाहिजे होतं. परिषदेला पेपर पाठवायची मुदत जवळ आली होती. पण शंभर टक्के चाललेलं काम बंद करा म्हणणार तरी कसं?

समिती आली. त्यांना पडद्यापुढं उभं करून प्राचार्य म्हणाले, "पाहा, आमची साधनं एक क्षणसुद्धा रिकामी नसतात."

समितीतल्या एका बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात शालीतून आमच्या बाईंचा आवाज आला.

"ते काम करत न्हाई, साहेब. ते वाट बघून राहिलंय."

प्राचार्यांचा चेहरा पडला. समितीच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे?"

"शंभर दाखवतंय, पण खाली विजेचा आकडा बघा. किती कमी खातंय! राबणारा माणूस एवढंसं जेवतो का? हे एका पोराचं काम हाय. दोन कार्डांवर दोन गडी लावले होते त्यानं. थोडं थोडं करायचं, एकमेकाला उत्तर सांगायचं, मग पुढं जायचं, असं ठरलेलं. मालक गेला, एक गडी बी गेला. हा एकटा राहिलाय. 'आलं का उत्तर, आलं का उत्तर,' एवढंच विचारून राहिलाय. जोडीदार गेला हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई."

"मग तुम्ही बंद का करत नाही?"

"ज्याचं हाय त्याला विचारलं न्हाई अजून."

समितीच्या बाई हसल्या की काय ते मला नीट दिसलं नाही, कारण मी प्राचार्यांकडं बघत होतो.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. आजच्या आज बंद करा, नाहीतर मशीन बंद करून चालू करा, म्हणाले. मशीन बंद केलं तर पहिल्या कार्डावरच्या सरांचंही काम बुडलं असतं. बाई म्हणाल्या, "पोरगं सापडलं की करते."

पोरगं म्हणजे तिसऱ्या वर्षातलं माहूर. अबोल, पहिल्या बाकावर बसणारं. ते कित्येक दिवस कॉलेजात आलेलंच नव्हतं. फोन बंद. खोलीवरच्या मित्रानं सांगितलं की एके दिवशी सकाळी लॅबमधून आला, बॅग भरली आणि गेला. कॉलेजात घरचा म्हणून दिलेला नंबरही त्याचाच निघाला. कुणी म्हणालं प्रेमाची भानगड आहे, कुणी म्हणालं हैदराबादला नोकरीला लागला.

मी बाईंपुढं हात जोडले. "बाई, एक ओळ. फक्त एक ओळ टाईप करा. माझा पेपर आहे."

"बिगर इजाजत न्हाई करायचं, मुरुडकर. तुम्ही चला माझ्याबरोबर. रेणुकेचं दर्शन बी होईल तुमचं."

अशा रीतीनं मी स्वतःच्या सोयाबीनसाठी बाईंबरोबर माहूरच्या गाडीत बसलो.

वाटेत बाईंनी शेजारच्या बाईचं बाळ मांडीवर घेतलं, कंडक्टरचं गाव विचारून घेतलं आणि त्याला त्या नावानं हाकाही मारायला लागल्या. किनवट गेलं, दोन्ही बाजूंना सागाची झाडं सुरू झाली. मी विचारलं, "बाई, हे विचारून बंद करायचं खूळ कुठून आलं?"

"खूळ कशाचं? आमच्या दुकानाम्होरं शेतकरी पोती उतरवून चहाला जायचे. कधी कधी पोती वाटेतच. हमाल ओरडायचे, गाड्या अडायच्या. पण आमचे आप्पा मालक आल्याबगर पोत्याला हात लावू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, त्याला माहीत हाय कोणतं पोतं कुठं ठेवलंय ते. आपण हलवलं की त्याचा हिशोब बिघडतो, आन् मनात येतं की ह्यांनी हात मारला." बाळानं त्यांच्या चष्म्याला हात घातला. तो सोडवत त्या म्हणाल्या, "मी त्यांना खुळचट म्हणायची."

माहूरला उतरून चौकशी केली. 'नांदेडला शिकायला असलेलं पोरगं' एवढ्यावर विचारलेल्या दुसऱ्याच माणसानं दुकान दाखवलं. देवीच्या पायऱ्यांजवळ ओटीच्या सामानाचं दुकान होतं. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, कुंकवाचे ढीग, आणि कुटलेल्या विड्याच्या पुड्या. आम्ही पन्नास पावलांवर असताना माहूर तिथं उभं होतं. जवळ गेलो तोवर फक्त त्याचे वडील उभे होते.

"या बाई, काय देऊ? ओटी?"

"ओटी द्या," बाई म्हणाल्या. "आन् खाली बसलेलं पोरगं द्या."

वडिलांनी खाली बघितलं. फळीखालून माहूर हळूहळू वर आलं. केसांत नारळाची शेंडी अडकलेली. बाईंना बघून ते परत खाली वाकायला लागलं.

वडील घाबरले. "तुम्ही कॉलेजातून आलात? काय केलं यानं?"

"काहीच न्हाई केलं. तेच सांगाया आलो," बाई म्हणाल्या आणि दुकानातल्या पोत्यावर बसल्या.

"बाई," माहूर म्हणालं, "माझ्याकडनं कार्ड खराब झालं."

मग सगळं बाहेर आलं. त्यानं काम लावलं होतं, मध्येच काहीतरी चुकलंय असं वाटून प्रोग्राम बंद केला. पडद्यावर सगळं संपल्याचं आलं. पण भिंतीवर दुसऱ्या कार्डाचा आकडा शंभरच. त्यानं वाट बघितली. शंभरच. सकाळी परत आला, तरी शंभरच. "मी बंद केलं होतं बाई, खरंच केलं होतं. तरी ते थांबेचना. एवढं मोठं मशीन, तपासणी येणार म्हणून सगळे सांगून राहिले होते. मला वाटलं, आता कॉलेजातून माझं नाव काढून टाकतेत. घरी निरोप येण्याआधी आपणच जावं."

"आम्हाला म्हणला, सुट्ट्या हायत," वडील म्हणाले.

मला हसू फुटलं. आवरेना. त्या शंभराच्या आकड्यापुढं एकीकडं प्राचार्य छाती फुगवून उभे होते आणि त्याच आकड्याला भिऊन हे पोर घर गाठून बसलं होतं.

"साकु!" बाई माझ्यावर खेकसल्या. त्या मात्र हसल्या नाहीत. पोराचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"बाळा, कार्डाला काही झालेलं न्हाई. ठणठणीत हाय. तू मालकाला घरी पाठवलंस, आतल्या गड्याला सांगायचं राहून गेलं. सगळ्यांचं राहतं. ह्या मुरुडकरांचं बी राहतं, आन् हे तुला शिकवतेत."

"मग शंभर टक्के कशाचं होतं ते?"

"वाट बघण्याचं. वाट बघणं बी काम असतंय. सगळ्यात थकवणारं."

माहूरनं केसांतली नारळाची शेंडी ओढून काढली. मग म्हणालं, "अजून बघून राहिलंय?"

"तू गेल्यापासून."

"मग बंद करा ना, बाई! माझी इजाजत हाय."

माझ्या मनात आलं, झालं, मिळाली परवानगी, आता नांदेडला पोचलो की कार्ड आपलं. पण बाईंनी पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला न्हाई येत."

सगळ्या किल्ल्या जवळ असणाऱ्या बाई हे म्हणत होत्या.

"मला कुठं येतं? तुझ्या नावावर हाय. तुलाच येऊन बंद करावं लागंल."

वडिलांनी एकदा पोराकडं, एकदा बाईंकडं बघितलं. मग पोराला आत बॅग भरायला पाठवलं आणि मला बाजूला घेतलं. "सायेब, खरं सांगा. खरंच काही झालं न्हाई ना? बाई मोठ्या मनाच्या दिसून राहिल्या, म्हणून त्या म्हणत असतील. काही नुकसान असलं तर मला आत्ता सांगा. पोराला नका सांगू."

"खरंच काही झालेलं नाही," मी म्हणालो. "साक्षात देवीच्या दारात उभं राहून सांगतो." घाईघाईत मी शपथच घेऊन बसलो. पण ते हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपीनं डोळे पुसले. ओटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाईंनी वर जाऊन दर्शन काही घेतलं नाही. गुडघे दुखतात म्हणून पायथ्यालाच हात जोडले आणि देवीला ओटी पोचवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी धापा टाकत खाली आलो तेव्हा बाई आणि माहूर वडा खात बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहूर लॅबमध्ये हजर. बाईंनी त्याला मशीनपुढं बसवलं. त्यानं त्या एकट्या गड्याचा नंबर शोधला, ओळ टाईप केली आणि हात मागं घेतला. भिंतीवरचा शंभर गेला. शून्य आलं. माहूर ते शून्य इतक्या प्रेमानं बघत होतं की मला वाटलं आता नमस्कार करतंय.

मी खुर्ची पुढं ओढली. माझी पानं तयार होती.

"आता परत लाव," बाई माहूरला म्हणाल्या. "चूक काढ, पहिल्यापासून लाव. आन् ह्या खेपेला शेवटी सगळ्यांना उठवून निघ."

"बाई," मी म्हणालो, "माझा नंबर!"

"तुम्ही थांबा, मुरुडकर. तुम्हाला पगार हाय."

म्हणजे जे कार्ड सोडवायला मी माहूरपर्यंत गेलो, पायऱ्या चढलो, ते परत त्याच पोराकडं गेलं. माझी परिषद हुकली. पुढच्या वर्षी तोच पेपर दुसरीकडं छापून आला, आणि सोयाबीनवरचा रोग तेवढ्यानं काही बळावला नाही. माहूर पास झालं. आता हैदराबादला असलीच मशीनं सांभाळतं.

बाई निवृत्त झाल्या आणि लातूरला भाचीच्या शेजारी राहायला गेल्या. लॅब माझ्याकडं आली. महिनाभरातच मी एक छोटा प्रोग्राम बसवला. कुणाचा मालक गेला आणि आत गडी राहिला, तर तो आपोआप शोधून उठवतो. कुणाला विचारावं लागत नाही, कुठं जावं लागत नाही. हे बाईंना कसं सांगावं याची मला धास्ती होती. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्याकडं गेलो तेव्हा चहा घेताना सांगून टाकलं आणि कप तोंडापुढं धरला.

"बरं केलं," बाई म्हणाल्या. "ते मशीनचंच काम हाय. मी बी करणार होते."

"करणार होता? मग केलं का नाही?"

बाईंनी बशी पुसल्यासारखं केलं. नांदेडात त्या एकट्या राहायच्या, स्टेशनकडं कुठंतरी. त्यांची खोली आमच्यापैकी कुणीच बघितली नव्हती.

"कॉलेज सुटल्यावर घरी जाऊन काय करायचं होतं मला?" त्या म्हणाल्या. "दोन खोल्या आन् एक टीव्ही. कुणाच्या दारात जायला माणसाला काहीतरी कारण लागतंय का न्हाई?"

मी खिडकीबाहेर बघितलं. खाली पोरं सायकली पळवत होती.

"तुम्ही कशाला आलात लातूरला?" त्यांनीच विचारलं.

"असंच. काम होतं गावात. इकडून चाललो होतो, म्हणलं डोकावावं."

"खोटं," बाई म्हणाल्या. "ही गल्ली म्होरं बंद हाय. इकडून कुठंच जाता येत न्हाई." आणि उठून आत गेल्या. पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "बसा. भाकरी टाकते."